विसर वाढलेल्या आईबाबांसाठी यंत्रं आणताना या चुका टाळा

आई सांगलीत, मुलगा पुण्यात आणि घरी सांभाळायला एक मावशी. अशा घरात दिवाळीला हमखास टॅब येतो आणि संक्रांतीपर्यंत कपाटावर जाऊन बसतो. टॅबमध्ये खोट नसते. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यात गेला की नवीन काही शिकणं जवळपास थांबतं, एवढंच. म्हणून वस्तू निवडताना एकच बघा: ती आजींकडून काही मागते का? बटण मावशींनी दाबायचं, आजींनी नुसतं ऐकायचं.

बोलणारा स्पीकर. हाक मारल्यावर गाणं लावणारा स्पीकर इथे कामाचा नाही, कारण त्याला काय म्हणून हाक मारायची हेच लक्षात राहत नाही. ब्लूटूथचा डबा तर चालू होताना इंग्रजीत काहीतरी बोलतो आणि "घरात कोण बाई आली?" म्हणून आजी घाबरतात. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह लावता येणारा साधा स्पीकर घ्या. चालू-बंद आणि आवाजाचं बटण सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावून टाका. हेडफोन नकोत, बहुतेक जण ते उपसून काढतात.

गाणी आपल्या आवडीची. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. अलीकडचं आधी पुसलं जातं आणि तरुणपणी ऐकलेलं बरंच उशिरापर्यंत टिकतं. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली. आज ऐंशी ओलांडलेली माणसं तेव्हा विशीच्या आसपास होती, तेव्हा त्या काळातली भावगीतं, नाट्यपदं शोधा. पण हेही सगळ्यांना लागू नाही. तासगाव-जतकडच्या एखाद्या आजींच्या घरी तेव्हा रेडिओच नसेल. त्यांना गावच्या मंडळाची भजनं किंवा जात्यावरच्या ओव्या जवळच्या. आजींचे भाऊ-बहिणी हयात असतील तर त्यांना विचारा, हवं तर त्यांच्याकडूनच चार ओव्या मोबाईलवर म्हणवून घ्या. आणि दिवसभर लावून ठेवू नका. अर्ध्या तासाने तीही कटकट होते.

फोटोंची परीक्षा. डिजिटल फ्रेममध्ये नातवाच्या लग्नाचे दोनशे फोटो भरायचे आणि "हे कोण, सांग बघू?" विचारायचं, हा छळ आहे. माहेरचा वाडा, आयर्विन पूल, तरुणपणचे भाऊ-बहिणी असे पाच-दहा जुने फोटो पुरेत, तेही सावकाश बदलणारे. वारलेल्या माणसाचा फोटो बघून आजी "हे कुठे गेले?" म्हणून कासावीस होत असतील तर तो बाजूला ठेवा. ते गेल्याचं दरवेळी सांगितलं तर त्यांच्यासाठी ते दरवेळी नव्यानेच जातात.

मुलाचा रेकॉर्ड केलेला आवाजही आधी समोर बसून ऐकवा. कुणी शांत होतं, कुणी त्याला पडद्यामागे शोधू लागतं. शोधत असतील तर तो आवाज पुन्हा लावू नका.

दिवेलागणीला बातम्या. संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो, त्यात चॅनेलवरची भांडणं घरातच चालल्यासारखी वाटतात. टीव्ही बंद करा, अंधार पडायच्या आत दिवे लावा आणि खिडकीचा पडदा ओढा, काचेतलं स्वतःचं प्रतिबिंबही परकं वाटतं. रात्री संडासच्या वाटेवर बॅटरीचा दिवा असू द्या, कारण लाईट नेमकी तेव्हाच जाते.

मोठी वार-वेळ दाखवणारी घड्याळं सुरुवातीच्या काळात उपयोगी, नंतर फारशी नाहीत. माणूस कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारा जीपीएसचा ट्रॅकर घेतलात तर चार्जिंग कुणी करायचं ते नाव घेऊन ठरवा, आणि कपड्यात पत्ता व फोन नंबर शिवून ठेवाच. रिमोटमधले चपटे सेल उघडे राहू देऊ नका, तोंडात गेले तर जिवावर बेततं.

गाणी लावूनही एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला, तर प्लेलिस्ट बदलत बसू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ किंवा नवीन गोळी हे कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सांभाळणाऱ्यांना आणखी माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.