ऑटिझम असेल तर डिप्रेशनची गोळी सुरू करताना काय काय बघायचं

ऑटिस्टिक लोकांमध्ये डिप्रेशन आणि एंग्झायटी इतरांपेक्षा बरीच जास्त दिसते, त्यामुळे अँटीडिप्रेसंट खूप जणांना सुरू होतात, पण डोस आणि साईड इफेक्टची सगळी माहिती बाकीच्यांना डोळ्यासमोर ठेवून दिली जाते. मग त्रास झाला की "हे ऑटिझममुळेच असेल" म्हणून सोडून देतात, हे मला फार लागतं.

सगळ्यात आधी गोळी नक्की कशासाठी आहे ते डॉक्टरांकडून वदवून घ्या. डिप्रेशन, एंग्झायटी, ओसीडी (नको असलेले विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) यासाठी असेल तर ठीक. पण हात हलवणं, तेच तेच करणं थांबावं म्हणून देत असतील तर स्पष्ट विचारा, कारण अमेरिकेत 2009 साली 5 ते 17 वयाच्या 149 ऑटिस्टिक मुलांवर सिटालोप्राम या अँटीडिप्रेसंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात तेच तेच करणं तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त काही कमी झालं नाही, उलट चळवळेपणा, उतावीळपणा, झोप उडणं, जुलाब हे जास्त दिसलं. ब्रिटनची नाईस ही संस्थासुद्धा ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी अँटीडिप्रेसंट देऊ नका असंच सांगते. आणि स्टिमिंगने, म्हणजे हात हलवणं, तेच तेच करणं याने, जर कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवायचंच कशाला?

आता गोळी सुरू करायच्या आधीचं काम. निदान आठवडाभर तरी स्वतःची नोंद ठेवा. डॉक्टर विचारतात "कसं वाटतंय" आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना आत काय चाललंय ते पटकन कळतच नाही, भूक लागलीये की भीती वाटतेय हेही कधी कधी उशिरा समजतं, म्हणून भावना लिहायच्या नादाला लागू नका, बाहेरून दिसतं ते लिहा. झोप किती तास, जेवलो का, आंघोळ झाली का, मेल्टडाऊन (सगळं असह्य होऊन ताबा सुटणं) आला का, आवाज किती टोचले, आवडत्या विषयात किती वेळ गेला. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, ज्या विषयावर तासन् तास बोलायचात त्याचाच कंटाळा आला तर ती डिप्रेशनची मोठी खूण असते, आणि गोळी लागू पडतेय की नाही तेही तिथेच आधी दिसू शकतं. उलट उदासी गेली पण आनंदही गेला, सगळं सपाट झालं, तर तोही साईड इफेक्ट असू शकतो, तसं सांगा.

डोस नेहमीपेक्षा कमी सुरू करून हळूहळू वाढवता येईल का ते विचारा, ही मागणी अजिबात वावगी नाही. फायदा दिसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, साईड इफेक्ट मात्र पहिल्या काही दिवसांतच येतात. त्या काळात दुसरं काहीही बदलू नका, नवीन नोकरी नको, घर बदलणं नको, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते अंगात उगाच आलेल्या उधाणावर. बसवत नाही, झोप नको वाटते, चिडचिड वाढते, मनात आलं की लगेच करून टाकावंसं वाटतं. विशेषतः ऑटिस्टिक मुलांमध्ये हे जास्त दिसतं आणि घरच्यांना वाटतं मेल्टडाऊन वाढले. नोंद असेल तर गोळीच्या आधी आणि नंतरचा फरक दाखवता येतो, नाहीतर डोस कमी करायच्या ऐवजी आणखी एक गोळी वाढवली जाते. मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार आले किंवा वाढले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. अमेरिकेत 24 वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी या औषधांवर तसा ठळक इशाराच छापतात.

बाकीची औषधं सगळी सांगा, झोपेचं मेलाटोनिनसुद्धा. फ्लुवोक्सामिन या अँटीडिप्रेसंटमुळे शरीरातलं मेलाटोनिन आणि कॅफिन दोन्ही खूप वाढतं, फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या अँटीडिप्रेसंटमुळे रिस्पेरिडोनचं (चिडचिडीसाठी देतात ते औषध) प्रमाण वाढतं. फिट्स येत असतील आणि ब्युप्रोपिऑन हे अँटीडिप्रेसंट देत असतील तर फिट्सचं आवर्जून सांगा, त्याने फिटचा धोका वाढतो.

गोळी जिभेवर सहन होत नसेल तर लाजू नका, काही औषधं पातळ स्वरूपात मिळतात आणि त्यात डोस अगदी थोडा थोडा वाढवता येतो, पण कॅप्सूल उघडणं किंवा गोळी चुरणं विचारल्याशिवाय नको, काहींचा परिणाम हळूहळू व्हावा अशीच बनवलेली असते.

आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन या अँटीडिप्रेसंटचा एखादा डोस चुकला तरी चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं होऊ शकतं. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ राहतं, त्यामुळे एखादा डोस चुकला तर असा त्रास सहसा लगेच होत नाही, म्हणून डोस विसरायची सवय असेल तर हे डॉक्टरांशी औषध ठरतानाच बोला, आणि सोडायची वेळ आली की किती आठवड्यांत किती कमी करायचं ते कागदावर लिहून मागा.