वाचून झालं, आता चार ओळी लिहा

पुस्तक मिटल्या मिटल्या लिहायला बसू नका, एक रात्र जाऊ द्या. वाचताना मात्र पेन्सिल हाताशी हवी. पुस्तक वाचनालयाचं असेल तर समासात खुणा नकोत. बसच्या तिकिटामागे पान क्रमांक टिपा आणि शेजारी एखादा शब्द: 'चिडले', 'हसले', 'पटलं नाही'.

कथानक दोन वाक्यांत उरका, ते मलपृष्ठावर असतंच. जागा द्यायची ती आपण जिथे अडकलो तिथे. परवा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) पुन्हा वाचली. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा, मराठी चक्रधर आणि बोटीवरचे मोजके दिवस. सगळे हॅर्टासाठी हळहळतात. माझा सगळा राग चक्रधरवर. प्रेमात पडूनही हा गृहस्थ स्वतःलाच न्याहाळत बसतो! वहीत तसंच लिहिलं. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' आलं की खोडायचं आणि तिथे पुस्तकातला प्रसंग घालायचा.

आत्मकथन असेल तर सांगणारा कुणाला सांगतोय ते बघा. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू आपली कहाणी दया पवारांनाच ऐकवतो. दगडू हे पवारांचंच मूळ नाव, म्हणजे सांगणारा नि ऐकणारा एकच. मला ऐकणाऱ्याचं अवघडलेपण जास्त भिडलं.

नाही आवडलं तर कुठल्या पानावर सोडलं तेही लिहा. भिडेखातर शेवटपर्यंत रेटू नका. खाली तारीख, आणि पुस्तक कुणाला द्यावंसं वाटलं त्याचं नाव. माझ्या वहीत तिथे बहुतेकदा धाकट्या जाऊबाई असतात. पुस्तकं परत करायची त्यांना सवय नाही, तरीही.