पोर्ट्रेटवर मत देताना: आधी भाव, मग नाक-डोळे

कोणी डिजिटल पोर्ट्रेट पाठवून ‘कसं वाटतंय, खरं सांग’ म्हणालं, की लगेच झूम करून पापण्या मोजायला बसू नका. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर पाहिलं असेल, तर रंगांबद्दल तोंडच उघडू नका. नाइट मोडमध्ये सगळी त्वचा पिवळी दिसते आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलं जाऊन बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर उघडा.

अख्खं चित्र दहा सेकंद पाहा आणि मनात आलेला भाव एका शब्दात लिहून ठेवा. हे चित्रकाराशी बोलण्याआधी करायचं. ‘आजीची आठवण आहे’ हे एकदा कानावर पडलं, की चेहऱ्यात नसलेलं दुःखही दिसायला लागतं. मग विचारा: काय पोहोचवायचं होतं? काम चालू आहे की संपलंय? चित्रातली व्यक्ती हयात नसेल, तर साम्य महत्त्वाचं की भाव, तेही हळूच विचारून घ्या. फ्रेम करून भिंतीवर लागलेल्या चित्राचा जबडा चुकलाय हे सांगून कोणाचं भलं होत नाही.

समजा, नेरुळच्या सिडको इमारतीत खिडकीशी बसलेली आजी आहे. डावीकडून पावसाळी उजेड, गालावर अश्रू. चित्रकाराला विरह दाखवायचा होता, तुम्ही लिहिलंत ‘राग’. हा फरक कुठून आला, ते शोधणं हेच तुमचं काम. पहिला संशय भुवयांवर घ्या. दुःखात त्यांची आतली टोकं वर उचलली जातात, रागात खाली येऊन जवळ ओढली जातात. मग पापण्या: बुबुळाच्या वर पांढरं दिसलं, की चेहरा घाबरलेला किंवा दचकलेला वाटतो, खिन्न डोळ्यात वरची पापणी बुबुळावर उतरलेली असते. भुवया-पापण्या तशाच ठेवून नुसते ओठांचे कोपरे खाली वळवले, तर आजी रुसलेल्या पोरासारखी दिसते.

अश्रू बहुतेक चित्रांत चिकटवलेले वाटतात, कारण ते पांढऱ्या रेघेने काढलेले असतात. पाणी आधी खालच्या पापणीच्या कडेवर साठतं, तिथे बारीक ओली चमक हवी. गालावरचा थेंब पारदर्शक असतो: आतून त्वचेचाच रंग, उजेडाच्या बाजूला ठळक ठिपका, खाली पुसटशी सावली. नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या कडा लालसर नसतील, तर ते ग्लिसरीनचे अश्रू.

उजेडही तपासा. पावसाळी आभाळाचा प्रकाश पसरट असतो, त्यामुळे नाकाची सावली कडक कडेची असेल तर खिडकीबाहेर ऊन आहे असं वाटतं. सावलीत नुसता काळा मिसळला की त्वचा मळकट होते. डोळ्यांतली चमक दोन्हीकडे खिडकीच्याच बाजूला आहे ना? बरेच जण सवयीने बरोबर मधोमध ठिपका देतात.

‘काहीतरी चुकतंय’ एवढंच जाणवत असेल, तर चित्र आरशात दिसतं तसं आडवं उलटं करा (क्रिटा या चित्रकलेच्या ॲपमध्ये एम दाबलं की झालं). तिरका जबडा, वरखाली डोळे लगेच उघडे पडतात. मग कृष्णधवल करून पाहा. चेहरा पार्श्वभूमीत विरघळला, तर रंग बदलून उपयोग नाही, छायाप्रकाशाचा फरक वाढवावा लागेल.

बोलताना जागा, परिणाम आणि उपाय तिन्ही सांगा. ‘डोळे जमले नाहीत’ यावर कोणी काय करणार? त्याऐवजी: ‘डावी पापणी बुबुळाला टेकतच नाहीये, म्हणून आजी दचकल्यासारखी वाटते. जरा खाली आणून बघ.’ एका वेळी तीनच मुद्दे, भाव बिघडवणारा सगळ्यात आधी. केसांच्या बटा राहू द्या. जमलेलंही नेमकं सांगा, कारण ‘एक नंबर!’ ऐकून कोणाला कळत नाही की हातांवरच्या सुरकुत्यांना हात लावायचा नाही. पुढच्या बैठकीत नेमक्या त्या सुरकुत्याच एअरब्रशने गुळगुळीत होतात.

चित्रावर रेघा मारून दाखवायच्या असतील तर परवानगी घ्या आणि प्रतीवर, वेगळ्या लेयरवर (थरावर) मारा. दुरुस्ती झाल्यावर अश्रूचा लेयर बंद करून बघायला सांगा. भुवया आणि पापण्या नीट बसल्या असतील, तर बहुतेकदा तो परत चालू करावा लागत नाही.