घरांच्या किमती पगाराच्या पुढे धावू लागल्या, तर तो फुगा आहे का हे कसे तपासावे

घरांच्या किमती पगारांपेक्षा वेगाने वाढू लागल्या की बाजारात फुगा आला, असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. या तफावतीवरून खरे तर एवढेच कळते की घर घेणे पगारदाराच्या आवाक्याबाहेर चालले आहे. फुगा म्हणायचे, तर आजची चढी किंमत मुख्यतः उद्या ती आणखी चढेल या अपेक्षेवरच टिकून आहे, हे दिसावे लागते. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९९० मध्ये फुग्याची व्याख्या साधारण अशीच केली होती.

प्रथम किंमत आणि उत्पन्न यांचे गुणोत्तर काढावे. त्यासाठी सरासरी नव्हे तर मध्यक उत्पन्न घ्यावे, म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा, कारण मूठभर गलेलठ्ठ पगारांमुळे सरासरी उगाच फुगते. आलेले गुणोत्तर परक्या देशाशी ताडण्यापेक्षा त्याच बाजाराच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील गुणोत्तरांशी ताडावे.

त्यानंतर व्याजदर पाहावा. २० वर्षे मुदतीच्या कर्जाचा दर ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच मासिक हप्त्यात सुमारे ३८ टक्के अधिक कर्ज बसते. त्यामुळे पगार जागच्या जागी राहिले तरी किमती बऱ्याच वर जाऊ शकतात आणि त्यात कोणाचाही वेडेपणा नसतो. मात्र दर उलटला की हेच गणित उलटे फिरते. जपानच्या मध्यवर्ती बँकेने मे १९८९ ते ऑगस्ट १९९० या काळात आपला दर २.५ वरून ६ टक्क्यांवर नेला आणि त्यानंतर तेथील जमिनीच्या किमती दशकाहून अधिक काळ घसरत राहिल्या. जमीन नव्याने निर्माण होत नाही, म्हणून तिची किंमत कधीच उतरणार नाही, अशी तेथे त्या काळी पक्की समजूत होती. प्रत्येक तेजीत हा युक्तिवाद नव्याने ऐकू येतो.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा भाड्याचा असतो. घर विकत घेणारा भविष्यावर पैज लावू शकतो. भाडेकरू मात्र या महिन्याच्या निवाऱ्याचेच पैसे देतो, उद्या भाव वाढेल म्हणून कोणी आज जास्त भाडे भरत नाही. त्यामुळे किमतींबरोबर भाडीही त्याच गतीने वाढत असतील, तर घरांची खरोखरच टंचाई आहे, असे मानण्यास जागा राहते. किमती दुप्पट झाल्या आणि भाडी जवळपास तेथेच राहिली, तर संशय घ्यावा. वार्षिक भाड्यातून देखभाल व कर वजा करून उरलेली रक्कम किमतीच्या किती टक्के येते ते काढावे आणि तो आकडा कर्जाच्या व्याजदराशेजारी ठेवावा. तो व्याजदराहून फार खाली असेल, तर उरलेली दरी भरून काढण्यासाठी खरेदीदार भाववाढीवरच विसंबून आहे. भाड्यावर सरकारी नियंत्रण असेल तेथे मात्र ही कसोटी जपून वापरावी, कारण तेथील भाडे खरी मागणी दाखवत नाही.

मग कर्ज आणि बांधकाम यांकडे वळावे. आयर्लंडची लोकसंख्या जेमतेम बेचाळीस लाखांच्या आसपास असताना तेथे २००६ मध्ये एका वर्षात सुमारे ९० हजार घरे बांधली गेली; २००७ च्या शिखरापासून पुढील पाच-सहा वर्षांत किमती निम्म्याहून अधिक कोसळल्या. अमेरिकेत त्याच सुमारास उत्पन्नाचा पुरावा न मागताही कर्जे दिली जात होती आणि २००६ नंतर देशपातळीवर किमती सुमारे चतुर्थांशाने उतरल्या. पगारांशी असलेली तफावत, थंडावलेली भाडी आणि सैल कर्जे ही तिन्ही एकत्र दिसली, तर फुग्याची शंका रास्त ठरते.

उलट ऑस्ट्रेलियात हे गुणोत्तर कित्येक वर्षे चढेच आहे, तरीही तेथे आयर्लंडसारखी पडझड झालेली नाही. शिवाय तफावत मिटण्यासाठी किमती पडाव्याच लागतात असे नाही. किमती अनेक वर्षे एकाच पातळीवर रेंगाळतात आणि महागाईबरोबर वाढणारे पगार त्यांना हळूहळू गाठतात. म्हणून खरेदीपूर्वी, पुढील दहा वर्षे किंमत अजिबात वाढली नाही आणि व्याजदर दोन टक्क्यांनी चढला, असे धरून हप्त्याचा हिशेब एकदा मांडावा.