मुलांकडे अमेरिकेत कायमचं राहायला येताय? बॅगा भरायच्या आधी इन्शुरन्सचं बघा

गेल्या महिन्यात पुण्याहून जुन्या मित्राचा फोन आला, ग्रीन कार्डचं झालं, मे मध्ये निघतोय, आणि मुलगी म्हणतेय की बाबा तिकडची मेडिक्लेम आता बंद करून टाका, उगाच हप्ते कशाला भरताय. मी म्हटलं बाबा रे थांब, हप्ता बंद करू नकोस, आधी अर्धा तास माझं ऐक. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न एडिसनमध्ये मंदिरात, भाजीच्या दुकानात, बागेत चालताना दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. आम्ही दोघं २०१८ ला ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत आलो, त्याआधी दोनदा व्हिजिटर म्हणून येऊन गेलो होतो, तेव्हा दोन्हीकडचे चटके खाऊन झालेत.

पहिलं म्हणजे तुम्ही कुठल्या कागदावर येताय ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. व्हिजिटर व्हिसा असेल तर तुमच्यासाठी फक्त व्हिजिटर इन्शुरन्स, बाकी काही नाही. त्यात दोन जाती आहेत, फिक्स्ड आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. फिक्स्ड स्वस्त असतो आणि तिथेच माणूस फसतो, कारण त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम असते, इमर्जन्सीत गेलात तर इतके, एक्स-रे काढला तर इतके, बिल कितीही येवो. आमची ही पहिल्याच हिवाळ्यात ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. इमर्जन्सीत साडेचार तास बसलो, प्लॅस्टर घालून घरी आलो, म्हटलं चला सुटलो. मग महिनाभरात तीन वेगळे लिफाफे आले, एक हॉस्पिटलचा, एक डॉक्टरचा, एक एक्स-रे वाचणाऱ्याचा, आणि तो एक्स-रे वाचणारा तर आम्ही पाहिलासुद्धा नव्हता! आमच्या प्लॅनने जे दिलं ते बिलाच्या एक दशांशही नव्हतं. बाकीचे मुलाने भरले आणि ही आजही तो विषय निघाला की गप्प होते.

तर व्हिजिटर असाल तर कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या, त्यात डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, तुम्ही भरता, मग ठराविक रकमेपर्यंत कंपनी बहुधा ८० टक्के देते आणि त्यापुढे मर्यादेपर्यंत सगळं. वय ७० झालं की कमाल कव्हर खाली येतं, ८० नंतर अजून खाली, हे आधीच बघून घ्या. आणि बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी असं काही आधीपासून असेल तर पॉलिसीत अक्यूट ऑनसेट हा शब्द शोधा. त्याचा अर्थ जुन्या आजाराने अचानक, काही कल्पना नसताना उचल खाल्ली तरच पैसे, नेहमीच्या तपासण्या आणि गोळ्या त्यात नाहीत. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणून घरी सहन करत बसलात तर ते अचानक नव्हतंच असं म्हणायला कंपनीला आयती फट मिळते, म्हणून दुखणं अंगावर काढू नका. आपल्या पिढीला ती सवय आहे, मलाही आहे.

आता ग्रीन कार्डवाले. इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा की ६५ पूर्ण झाली म्हणजे मेडिकेअर, इथला ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स, मिळणार. नाही मिळत. ज्याने स्वतः किंवा जोडीदाराने इथे साधारण १० वर्षं काम करून टॅक्स भरलाय त्याचं वेगळं, पण आपल्यासारख्या आयुष्यभर तिकडे नोकरी केलेल्यांना ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही. मुलाने वीस वर्षं भरलेला टॅक्स आपल्या कामाचा नाही. आणि बहुतेक कंपन्यांच्या इन्शुरन्समध्ये आईवडील बसत नाहीत, आपल्याकडच्या ग्रुप मेडिक्लेमसारखं इथे नसतं. म्हणजे ५ वर्षांचा खड्डा आहे आणि तो तुम्हालाच भरायचाय.

तो भरायचा मार्केटप्लेसवरून, म्हणजे प्लॅन विकत घ्यायची सरकारी साइट, लोक ओबामाकेअर म्हणतात ते. ग्रीन कार्डवर उतरल्यापासून ६० दिवसांची मुदत मिळते, त्यात प्लॅन घेतला नाही तर मग नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या ओपन एनरोलमेंटची, म्हणजे दरवर्षीच्या नोंदणीच्या मुदतीची, वाट बघत बसायचं, म्हणून विमानातून उतरल्या आठवड्यातच कामाला लागा. प्लॅन सहसा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होतो, मधल्या दिवसांसाठी छोटा व्हिजिटर टाइप प्लॅन घेऊन ठेवा. तो स्वस्तात पडतोय म्हणून वर्षानुवर्षं त्याच्यावरच राहणारे लोक मला माहितीयत, पण त्यात जुने आजार नाहीत आणि मार्केटप्लेसच्या प्लॅनला जुन्या आजारावरून नकारही देता येत नाही, जास्त प्रीमियमही लावता येत नाही, हा केवढा मोठा फरक आहे. शिवाय न्यू जर्सीत २०१९ पासून इन्शुरन्स नसेल तर राज्याच्या टॅक्समध्ये दंड बसू शकतो आणि व्हिजिटर प्लॅन त्यात धरत नाहीत. प्रीमियम मात्र भरपूर असतो, ६४ आणि त्यापुढच्या सगळ्यांना सारखाच, म्हणजे ७५ चे असाल म्हणून वेगळा नाही, तेवढंच समाधान.

प्रीमियमवरच्या सरकारी सवलतीचा भाग नीट वाचा, इथे गंमत आहे. सवलत उत्पन्नावर ठरते आणि ग्रीन कार्ड आलं की तुमचं तिकडचं पेन्शन, एफडीचं व्याज सगळं इथल्या टॅक्समध्ये दाखवायचं असतं. आम्ही आलो तेव्हा इथल्या सरकारी गरिबी रेषेखालच्या नव्या ग्रीन कार्डवाल्यांनाही सवलत मिळायची, २०२५ च्या कायद्याने ती २०२६ पासून गेली. २०२६ च्या प्लॅनसाठी दोन माणसांची ती रेषा २१,१५० डॉलर आहे. आता हिशोब करा, पेन्शन आणि व्याज मिळून वर्षाला साडेदहा लाख रुपये म्हणजे आपल्याकडे चांगलं खातंपितं घर, पण डॉलरमध्ये ते बारा हजारांच्या आसपास, म्हणजे रेषेच्या खाली, म्हणजे सवलत शून्य! आणि मुलाने टॅक्समध्ये तुम्हाला डिपेंडंट दाखवलं असेल तर मुलाचं उत्पन्न धरतात, मग दुसऱ्या टोकाने सवलत जाते. काही राज्यांच्या स्वतःच्या मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सला, ५ वर्षांची अट नाही, तुमच्या राज्याचं काय ते तिथल्या साइटवर बघा. टॅक्सवाल्याला विचारल्याशिवाय फॉर्मवर अंदाजाने आकडा टाकू नका, चुकीची सवलत घेतली तर पुढच्या वर्षी परत मागतात.

५ वर्षं होत आली की मेडिकेअरसाठी ७ महिन्यांची खिडकी उघडते, पाच वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या ३ महिने आधीपासून ३ महिने नंतरपर्यंत. ती चुकली तर पार्ट बी ला, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर-तपासण्यांच्या भागाला, दर पूर्ण वर्षाच्या उशिराला १० टक्के दंड आणि तो जन्मभर. आणि ती ५ वर्षं सलग हवीत, म्हणून तिकडे एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी राहा, पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात माझ्याकडून तारखा मागितल्या होत्या. २०२६ चे दर सांगतो, पार्ट बी महिन्याला २०२.९० डॉलर आणि इथे काम न केलेल्यांना हॉस्पिटलचा पार्ट ए ५६५ डॉलर, म्हणजे माणशी जवळजवळ ७६८. नुसता पार्ट बी घेता येतो, पण मग हॉस्पिटलमध्ये भरती झालात तर हॉस्पिटलचं बिल अंगावर.

ए आणि बी घेतल्यावरही बीमधल्या खर्चाचे २० टक्के तुमचेच आणि त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून एकतर मेडिगॅप, म्हणजे हा उरलेला खर्च उचलणारी जोड पॉलिसी, घ्या नाहीतर मेडिकेअर अॅडव्हांटेज. अॅडव्हांटेज खासगी कंपन्या चालवतात, स्वस्त पडतं, पण ठरलेल्याच डॉक्टरांकडे जायचं आणि परवानग्या फार. मेडिगॅपची एक संधी असते, पार्ट बी सुरू झाल्यापासून ६ महिने, त्या काळात तब्येतीचे प्रश्न न विचारता द्यावाच लागतो, नंतर बहुतेक राज्यांत नकार देऊ शकतात. आम्ही मेडिगॅप घेतला तो ह्याच कारणासाठी, हिला तोवर शुगर निघाली होती. फोनवर गोड बोलणाऱ्या एजंटपेक्षा प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी मोफत सल्ला सेवा आहे तिथे जा, ते काही विकत नाहीत. इंग्रजीत अडत असेल तर हॉस्पिटलात दुभाषा मागा, तो फुकट असतो, नातवाला मधे घालू नका.

आता मित्राच्या मुलीचा प्रश्न, तिकडची पॉलिसी ठेवायची का. ठेवायचीच. मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास काहीच देत नाही, आपण दर हिवाळ्यात तीन-चार महिने पुण्याला जातो तेव्हा ते कार्ड म्हणजे नुसता कागद. काही मेडिगॅप प्लॅन परदेशात इमर्जन्सीचे ८० टक्के देतात, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच, २५० डॉलर डिडक्टिबल आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलर. आणि तिकडची पॉलिसी एकदा मोडली की सत्तरीत नवीन घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग परत शून्यापासून. जुन्या पॉलिसीला सलग ६० महिने झाले असतील तर फसवणूक सोडली तर माहिती सांगितली नाही किंवा चुकीची दिली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, आयआरडीएआय म्हणजे तिकडच्या इन्शुरन्स नियामकाचा नियम आहे, ही कमाई हप्ता चुकवून घालवायची का? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटीही नाही, आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला विचारावं लागतं.

हप्ता एनआरओ अकाउंटवरून, म्हणजे एनआरआयच्या तिकडच्या रुपयांच्या खात्यावरून, ऑटो डेबिट लावा, कंपनीला पत्ता बदलल्याचं आणि एनआरआय झाल्याचं कळवा. आणि तिकडचं सिम जिवंत ठेवा! ओटीपी त्याच नंबरवर येतो, आमचं एकदा रिचार्ज संपून सिम बंद पडलं आणि पॉलिसीची वाढीव मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना भाच्याला ऑफिसात पाठवून हप्ता भरावा लागला.

कॅनडावाल्यांसाठी थोडक्यात, आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षं राहता येतं, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा इन्शुरन्स लागतो आणि प्रांताचं सरकारी कव्हर पीआर, म्हणजे तिथल्या ग्रीन कार्डासारख्या कायम वास्तव्याच्या परवान्याशिवाय, सहसा नाही.

निघायच्या आधी दात, मोतीबिंदू, चष्मे सगळं तिकडेच उरका, मेडिकेअर दात आणि चष्म्याला सहसा पैसे देत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरचं इंग्रजी पत्र आणा, त्यात ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव हवं, इकडे टेल्मा म्हटलं तर कोणाला कळत नाही, टेल्मिसार्टन लागतं, आणि पॅरासिटामॉलला हे लोक असिटॅमिनोफेन म्हणतात. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, खाली इन्शुरन्सचा नंबर टाकून फ्रिजवर चिकटवा. आमच्या फ्रिजवर आहे, नातवाने त्याच्या कडेला डायनासोर काढलाय.