केल पेरताय? आधी वाफा उचला

केल म्हणजे कोबीच्या कुळातली जाड पानांची पालेभाजी. तिचं बी महाग, म्हणून लोक ते फार जपतात. दाट पेरतात, दिवसातून तीनदा झारीने पाणी घालतात आणि दहाव्या दिवशी वाफा आडवा पडलेला दिसतो. वांगी, मिरची, कोबी, सगळ्यांच्या रोपांचं मी हेच होताना बघत आलोय. पानं हिरवीगार असतात, पण देठ मातीला टेकतो तिथे सुतासारखा बारीक आणि पाणचट तपकिरी झालेला असतो. या रोगालाच रोप कोलमडणं म्हणतात. बुरशी मातीतच असते, तिला जोर येतो तो साचलेल्या पाण्याने.

आपल्याकडे बहुतेक जण भात काढलेल्या कुणग्यातच, म्हणजे भाताच्या खाचरातच, सपाट वाफा करतात. चिखलणीने तिथे खाली घट्ट थर बसलेला असतो, पाणी उतरत नाही. त्यात परतीच्या पावसाची एक सर दुपारी पडली की खेळ संपला. म्हणून ऑक्टोबरात आभाळ गडगडतंय तोवर बी पाकिटातच राहू द्या. दिवाळीच्या आसपास, पहाटे दव पडायला लागलं की पेरा. नोव्हेंबर अर्धा सरला तरी बिघडत नाही, केलला थंडीच हवी असते.

गादीवाफा 15 सेंमी तरी उंच हवा. कुंडीत पेरत असाल तर खालची भोकं मोकळी हवीत. माती आणि चाळलेलं कुजकं शेणखत मिसळा. 10 सेंमीवर रेघा, बी 1 सेंमी खोल आणि एकेक दाणा सुटा. पेरण्याआधी बियाला ट्रायकोडर्मा चोळा, ही रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी. या बीजप्रक्रियेची शिफारस किलोला 5 ग्रॅम अशी आहे. पाकीटभर बियाला नखभर पुरतं. भाताचा राब भाजतो तसा पातेरा (सुका पालापाचोळा) वाफ्यावर जाळून मग पेरलं, तर रोपं कमी कोलमडतात, असा माझा अनुभव आहे. त्याला कागदी पुरावा माझ्याकडे नाही, पण मी दरवर्षी करतो.

पाणी सकाळी एकदाच. ढग आले तर तेही नको. चार रोपं पडलेली दिसली तर ती मातीसकट काढून लांब टाका आणि उरलेल्यांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून ओता. त्यासोबत ट्रायकोडर्मा मात्र घालू नका, तांब्याने ते मरतं.

कोलमडलेल्या रोपांसाठी दुकानदाराने मला एकदा टॉनिकची बाटली दिली होती. चांगले पैसे मोजून मी ती फवारली आणि उरलेली रोपंही गेली. वाफ्यातलं पाणी कुठल्या बाटलीने निघत नाही. आमच्या जांभ्याच्या मातीला आंबटपणा असतो, त्यावर चुलीची राख किंवा शिंपल्यांचा थोडा चुना लागवडीआधी मिसळलेला पुरे.

पुढचं नेहमीचंच:
– लागवड: महिन्याचं, 4-5 पानांचं रोप, 45 × 45 सेंमीवर, संध्याकाळी
– खत: खड्ड्यात दोन ओंजळी शेणखत
– खुरपणी: तिसऱ्या आठवड्यात, मग बुंध्याला मातीची भर
– मावा, अळी: 5 टक्के निंबोळी अर्क (50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून), पानांच्या खालच्या बाजूने
– सापळा: किडी तिच्याकडे जाव्यात म्हणून कडेला मोहरीची ओळ, केलच्या आधी 15 दिवस

काढणी लागवडीनंतर दीड-दोन महिन्यांनी. खालची पानं खुडा, शेंडा तसाच ठेवा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत भाजी मिळत राहते.

पान जाड असतं, माठासारखं दोन वाफांत शिजत नाही. मधली शीर काढून टाका, पानं गुंडाळून बारीक चिरा. भिजवलेली चणाडाळ, मोहरी-लसणीची फोडणी, हिरवी मिरची, झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं, शेवटी मूठभर ओलं खोबरं. अळूसारखी घशाला खाज नाही. जून पानांचं फतफतं करायचं तर आमसूल डाळ शिजल्यावरच टाका, नाहीतर डाळ टणक राहते. काश्मिरात रोज जेवणात असणारा हाक हा पाला याच कुळातला, तिथेही तो भाताबरोबरच खातात.

आज संध्याकाळी परड्यात वाफा आखायला जाल, तेव्हा आधी तिथे बादलीभर पाणी ओतून बघा. अर्ध्या तासाने ते तसंच उभं असेल, तर दुसरी जागा शोधा किंवा अजून दोन घमेली माती चढवा.