जाहिरात येण्याआधी: कोकणातून फेलोशिपला अर्ज करताना

दरवर्षी मे महिन्यात माझ्याकडे दोन-चार जण येतात. कुणी नुकतंच बीएस्सी झालेलं, कुणी चित्रं काढणारं, एखादी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली. हातात मोबाइल, त्यावर पर्यावरणाच्या कुठल्या तरी फेलोशिपची जाहिरात, आणि शेवटची तारीख परवा. परवापर्यंत फॉर्म भरून होतो, अर्ज होत नाही. म्हणून ही यादी जाहिरात येण्याआधीची. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, आपण लाकडं, कुळीथ, सुकी मासळी आत घेऊन ठेवतो, तशी.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि आपल्या गावातली एकच गोष्ट तारीखवार लिहायला लागा. फॉर्ममध्ये विचारतात, हवामान बदलाशी तुमचा संबंध काय? आपली मुलं लिहितात, ‘पृथ्वीचं तापमान झपाट्याने वाढत आहे.’ निवडणाऱ्याने हे वाक्य सकाळपासून चाळीसदा वाचलेलं असतं. त्यापेक्षा काकांच्या कलमांना पहिला मोहोर कधी आला, पुनर्मोहोर कधी आला, उधाणाचं पाणी खारबांध ओलांडून कुणाच्या कुणग्यापर्यंत (भाताच्या खाचरापर्यंत) गेलं, विहीर कुठल्या महिन्यात मचूळ झाली, हे लिहा. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, असं तिचं म्हणणं. बोलता बोलता निघालं की आजोबांनी फवारणीच्या औषधांची बिलं एका पिशवीत जपून ठेवलीयत. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पिशवी ओटीवर ओतली आणि बिलं वर्षवार मांडली. आधीच्या वर्षांच्या रांगा तोकड्या, अलीकडच्या लांबत गेलेल्या. एक तर पायरीवरून खाली अंगणात उतरली. तिच्या अर्जातला पहिला परिच्छेद त्या ओटीवर तयार झाला.

मात्र दिसलं ते सगळं हवामानाच्या खात्यावर टाकू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते अतिवृष्टीने, हे खरं. पण वाशिष्ठीत साचलेला गाळ, पूररेषेतली बांधकामं, कोयनेच्या वीजनिर्मितीचं नदीत येणारं पाणी, भरतीची वेळ, यांवरही तिथे वाद झाले आणि गाळ काढा म्हणून माणसं उपोषणाला बसली. अर्जात या सगळ्याला जागा हवी. पर्यावरणीय न्याय म्हणतात तो याच भांडणात असतो: पाणी कुणाच्या घरात शिरलं, नुकसानभरपाई कुणाला मिळाली, आणि ठरवताना कुणाला विचारलं.

अनुभवाचा रकाना बघून मुलं घाबरतात. संस्थेचं प्रमाणपत्र नसलं म्हणजे अनुभव नाही असं नव्हे. माहिती अधिकाराचा अर्ज केलाय का? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर. एक अर्ज करून बघा आणि उत्तर आलं नाही तर अपील करा, तोही अनुभवच. जवळपास एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर जाऊन बसा. २००६ च्या पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. तो सारांश मिळवा, पेन्सिल घेऊन वाचा, त्यात तुमच्या गावची खाडी, सडा (म्हणजे कातळाचं पठार), मासळी सुकवायची जागा कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा ‘पडीक जमीन’ या शब्दाखाली सापडेल. त्यावर लिहिलेलं दोन पानांचं टिपण हा तुमच्या कामाचा नमुना. कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा मला तो केव्हाही भारी वाटतो.

परवानगी हा मुद्दा सगळे शेवटी घेतात, तो आधी घ्या. एका अर्जासाठी मला ओळखीच्या तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाची, सही हवी होती. त्यांनी कागद घेतला नाही. म्हणाले, “बाय, आधी काय लिवलंस ता वाचून दाखव.” मी वाचलं. ‘पीडित मच्छीमार’ या शब्दांवर त्यांनी हात वर केला. “पीडित कसला? तांडेल लिव.” मग एलईडीवाल्यांनी, म्हणजे समुद्रात प्रखर दिवे लावून मासळी ओढणाऱ्यांनी, काय वाट लावली आणि डिझेलचा हिशेब कसा बसत नाही, हे अर्धा तास सांगितलं. माझ्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. तेव्हापासून कुणाचंही नाव, फोटो, आवाज अर्जात घालण्याआधी मी तो भाग त्यांना वाचून दाखवते, आणि संमती मराठीत लिहून घेते.

चित्रकार-कलाकारांना इथे थोडं जास्त सांगायचंय. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, म्हटलं की सिंधुदुर्गातलं पिंगुळी आणि तिथला ठाकर समाज. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून या कलेवर अर्जांत फार उड्या पडतात. दशावतार, नमन, जाखडी या लोककलांचंही तेच. पुरावर चित्रकथी करायची कल्पना छानच आहे, पण पोथी (चित्रांचा संच) कुणाची, चित्रं कोण काढणार, मानधन कुणाच्या खात्यात जाणार, श्रेयनामावलीत नाव कुणाचं, हे प्रस्तावातच लिहा. नाहीतर नदीवरच्या अन्यायाबद्दल बोलता बोलता आपणच एक करून ठेवतो. पोर्टफोलिओत दहा-बारा कामं पुरेत, प्रत्येकाखाली जागा, साल आणि माध्यम.

वेळापत्रक मुंबईच्या कॅलेंडरवरून आखू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला माणसं दारात बसलेली. मुलाखती घ्यायच्या तर तेव्हा. ऑगस्टात नारळीपौर्णिमेनंतर त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. गणपतीत आणि शिमग्याला ‘कार्यशाळा’ लिहिलेली दिसली की मला कळतं, लिहिणारा गावचा नाही. कातळशिल्पांवर काम असेल तर पावसात ती पाण्याखाली, शेवाळाखाली असतात. सड्यावरची फुलं मात्र ऑगस्ट-सप्टेंबरातच. वेळासला कासवांची पिल्लं बघायची तर उन्हाळ्याच्या तोंडाशी.

अर्ज कुठे करायचा, हे जाहिराती सांगतीलच. तरी नजर ठेवण्यासारखी काही नावं: पुण्याची कल्पवृक्ष, १९७९ पासूनची; दिल्लीचं सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट; पत्रकारांना बातमीसाठी अनुदान देणारं अर्थ (Earth, म्हणजे पृथ्वी) जर्नलिझम नेटवर्क; पदवीधरांना तेरा महिने खेड्यात काम देणारी एसबीआय यूथ फॉर इंडिया. कलाकारांसाठी बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, तिथे प्रस्ताव भारतीय भाषांत चालतो, म्हणजे मराठीतही. अटी वर्षागणिक बदलतात, जुन्या पीडीएफवर विसंबू नका. शिफारसपत्र प्राध्यापकाचंच हवं असंही नाही. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचं पत्र मी चालताना पाहिलंय. मागायचं मात्र तीन आठवडे आधी.

पैशांची लाज सोडा. बिनपगारी इंटर्नशिपला माझा विरोध आहे. न्यायाच्या गोष्टी करणाऱ्याने राजापूरच्या पोरीला पुण्यात स्वतःच्या खर्चाने राबवू नये. निदान राहण्याचं काय, हे विचारा. बजेटमध्ये एसटी, रिक्षा, होडीचं डिझेल, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि त्या दिवशीचं जेवण लिहा. परदेशी निधी एखाद्या संस्थेमार्फत येणार असेल तर तिची एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) खाली नोंदणी आहे ना, ते पाहा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे ‘आमच्या नावावर घेऊ, मग तुमच्या मंडळाला देऊ’ हे चालणार नाही. टीडीएस कापणार का, हेही आधीच.

आणि घरच्यांशी बोला. एप्रिल २०२३ मध्ये राजापूरजवळ बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण चाललं होतं तेव्हा मनाई आदेश होते, बायाबापड्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्याआधी फेब्रुवारीत रिफायनरीबद्दल लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा गाडीच्या धडकेने मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. घाबरवायला सांगत नाही. वाद पेटलेल्या गावात पाठवणाऱ्या संस्थेला सरळ विचारा, अडचण आली तर वकील कोण देणार, फोन कुणाला करायचा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा विषय घ्या.

राहिली शेवटची तारीख. एकदा मी ‘सायंकाळी ५, मध्य युरोपीय वेळ’ एवढं वाचलं आणि रात्री बारापर्यंत वेळ आहे असं धरून बसले. मे महिन्यात ते आपले रात्रीचे साडेआठ. आठला लॅपटॉप उघडला, वळीव आला, लाईट गेली, पाठोपाठ टॉवर. पीडीएफ फोनवर घेऊन स्कूटरने सड्यावर गेले, तिथे पलीकडच्या टॉवरची रेंज मिळते. आठ पन्नासला पान उघडलं तेव्हा फॉर्म बंद झालेला, आणि मी भिजलेली. आता वेळ आपल्या घड्याळात करून भिंतीवर लिहिते, दोन दिवस आधी पाठवते, पोहोच आल्याचा स्क्रीनशॉट ठेवते. तुमची तारीख परवाची असेल तर यंदा सोडा. वही आणा, जूनला होड्या वर येतायत.